ल्याव गुरुजींचा आवाज कुणी घालवला?

१

संग्रहालयातल्या बाईंनी डिस्क लावली, पहिली फाइल उघडायला घेतली आणि पडद्यावर अक्षरं आली: फाइल खराब आहे. दुसरीची तीच गत. तिसरी कशीबशी उघडली. तिच्यातून म्हाताऱ्या सेनापतीचा खर्जातला हुंकार आला, अर्धं वाक्य आलं, आणि पुढे नुसती चरचर. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.

त्या वेळी ल्याव गुरुजी इस्पितळात पडून होते. गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढून टाकलं होतं. हातबाहुल्यांच्या खेळात सगळी पात्रं एकटा मुख्य कलावंत बोलतो; सेनापती, राजकन्या, भुतं, विदूषक, सगळी त्याच्याच गळ्यातून निघतात. गुरुजींनी जन्मभर तैपेईच्या देवळांपुढे हेच केलं होतं. गळा जाणार हे कळल्यावर त्यांनी वान्हुआतल्या एका लहानशा स्टुडिओत बसून आपली सगळी नाटकं बोलून ठेवली होती. ती त्या डिस्कवर होती.

"म्हणजे आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो," पेइयू म्हणाली.

पेइयू गुरुजींची एकुलती मुलगी. वेंग सूयिनच्या कचेरीत ती ओली छत्री मांडीवर धरूनच बसली होती. कोपऱ्यात ठेव म्हटलं तरी ठेवली नव्हती. बाहेर हिवाळ्याची झिमझिम कित्येक दिवस थांबली नव्हती आणि खोलीला ओल्या कागदांचा वास येत होता. सूयिनने उमेदीची वर्षं मदरबोर्डच्या कंपनीत काढली होती. संगणक चालू होताना सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो ती लिहायची. आता ती बुडालेल्या माहितीची चौकशी करायची. माहिती कशाने बुडाली, आणि कुणामुळे.

"पोलिसांत गेला होतात?"

"गेले होते. साहेब म्हणाले, चोरीला काय गेलंय ते लिहा. काय लिहू? बाबांचा आवाज?"

"संशय कुणावर?"

"सगळ्यांचा खांगवर. ध्वनिमुद्रण त्याने केलं. मूळ फाइलीही त्यानेच पुसल्या, तो स्वतःच सांगतो. मुद्रणाच्या वेष्टनावर आपलं नाव हवं म्हणून स्टुडिओच्या दुआन काकांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. 'माझ्याशिवाय तुमच्या हाती भुसा लागेल,' असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. काकांनी त्याला हाकलून दिलं."

"आणि तुमचा संशय?"

पेइयूने छत्रीची मूठ घट्ट धरली. "काकांना विचाराल तर ते माझंही नाव घेतील. आग लागो तुमच्या त्या बाहुल्यांना, असं मी बाबांना म्हणाले होते. या मुद्रणापायी त्यांनी शस्त्रक्रिया लांबवली, वेंगताई. वेळेवर झाली असती तर थोडातरी आवाज उरला असता." ती पुढे म्हणाली, "आणि त्या फाइली दाबून त्यांची गठडी बांधली जात होती ना, त्या संध्याकाळी स्टुडिओत त्या यंत्रापाशी मी एकटीच होते."

२

दुआन काका सुपारी चघळत दार उघडायला आले. माणूस ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस.

"चौकशी कसली करताय, ताई? चोर कोण ते शेंबडं पोरही सांगेल."

"मग मी यंत्रालाच विचारते. चालेल?"

काचेच्या भिंतीने स्टुडिओचे दोन भाग केले होते. पलीकडे बोलणाऱ्याची खुर्ची आणि माइक, अलीकडे टेबल आणि टेबलाखाली संगणक. सूयिनने तो सुरू केला तसा पंखा असा घोंगावला की काकांना आवाज चढवावा लागला.

"हा असाच ओरडतो?"

"दमदार यंत्र आहे! सगळ्यांत वरच्या दर्जाचा प्रोसेसर घातलाय."

सूयिनने आधी मदरबोर्डच्या मांडणीचा, म्हणजे वेग नि वीज ठरवून द्यायचा, पडदा उघडून नजरेखालून घातला. मग यंत्राला एक लांबलचक गणित घातलं आणि ते संपलं की तेच पुन्हा, असं लावून दिलं. काकांनी चहा आणला. चहा निवला. सूयिन पडद्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"गणित तेच, यंत्र तेच, आणि उत्तर दर खेपेला निराळं येतंय."

"बघा! खांगने विषाणू सोडलाय."

"विषाणू लबाड असतो, काका. हे लबाड नाही, हे भ्रमिष्ट झालंय. हलकं काम असलं तर शहाण्यासारखं वागतं. बोललेलं नुसतं लिहून घ्यायचं तर बिनचूक घेईल. पण मोठ्या फाइली दाबून त्यांची गठडी बांधायची म्हणजे प्रोसेसरला घाम फुटतो, आणि तिथे ते बरळतं. गुरुजींचा आवाज या टेबलाखाली चिरडला गेलाय. कुणी हाताने चिरडलेला नाही."

काकांचा चेहरा क्षणभर सैल पडला. "म्हणजे कुणाचाच दोष नाही?"

"तसं मी म्हटलं नाही. या जातीच्या प्रोसेसरांना मदरबोर्ड कधी कधी झेपणार नाही इतका विजेचा दाब देतात, आणि ते आतून झिजत जातात. हा झिजलेला आहे, तोही बऱ्याच दिवसांपासून. मग ही गठडी बांधायच्या आधी तो कधी कुरकुरला का नाही?"

३

खांग कीलुंगला भावाच्या खाणावळीत सापडला. बंदरावरून वारा येत होता आणि तो माशाच्या गोळ्यांच्या सूपाचे वाडगे विसळत होता. वाळलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"दुआनने पाठवलं? नाव छापत नाही म्हणाला होता. आता अख्ख्या वान्हुआत छापलं माझं नाव."

"पेइयूने पाठवलं. मूळ फाइली का पुसल्यात?"

"डिस्क तुडुंब भरली होती म्हणून. शेवटच्या मुद्रणाच्या आदल्या दिवशी तर जागाच उरली नाही आणि राजकन्येच्या विलापाच्या ऐन मध्यावर सगळं अडकलं. सटरफटर फाइली पुसून जागा केली, पण गुरुजींना तो विलाप पुन्हा बोलावा लागला. रुमालावर रक्त आलं, ताई. त्या दिवशी मी दुआनला काय काय बोललो, विचारू नका. मग मुद्रण संपल्यावर गठडी बांधायला लावली आणि बांधून झाली की मूळ पुसायचं, असं यंत्राला सांगितलं. सगळेच तसं करतात. त्याने झालं म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला."

"भ्रमिष्ट यंत्रावर?"

खांगने वाडगा खाली ठेवला. "तुम्हाला कळलं तर! ते आजारी आहे हे मी उन्हाळ्यातच ओळखलं होतं. नवा प्रोसेसर घ्या म्हणून दुआनच्या मागे लागलो. 'चालतंय ना? मग चालू दे.' शेवटी मीच मांडणीत शिरलो, वेग खाली आणला, विजेला मर्यादा घातली, पंखा मंद केला. मग गाढवासारखं चालायला लागलं, हळू पण सरळ. मुद्रणभर एक चूक नाही."

सूयिनला हे सांगणं जड गेलं. "खांग, तो मांडणीचा पडदा मी पाहून आलेय. वेग पुरा, वीज मोकाट. कारखान्यातून आल्यासारखं सगळं जिथल्या तिथे आहे. तुम्ही कशालाही हात लावल्याची खूण नाही."

 खांग हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "म्हणजे चोर होतोच, आता खोटारडाही झालो."

तो पुन्हा वाडग्यांकडे वळला. सूयिन दारापर्यंत गेली आणि थबकली.

"एवढंच सांगा. तो पडदा कुठल्या भाषेत होता?"

"चिनी. दुआनला इंग्रजीचं वावडं, म्हणून मीच बदलून ठेवली होती. का?"

सूयिनने पाहिलेला पडदा इंग्रजी होता.

४

एखाद्याला आपल्या खुणा पुसायच्या असत्या तर त्याने वेग बदलला असता, विजेची मर्यादा काढली असती. भाषा कशाला बदलेल? भाषा, पंखा, वेग, वीज ही सगळी एकदम जिथल्या तिथे जातात ती एकाच गोष्टीने. फर्मवेअर नवं घातलं की मदरबोर्ड आधीचं सगळं विसरतो. सूयिनने पडद्यावरची आवृत्ती पुन्हा जाऊन पाहिली. ती खांगने वेग उतरवला त्यानंतर खूप दिवसांनी निघालेली होती.

ही आवृत्ती याच दुखण्यासाठी काढलेली होती, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. 'प्रोसेसर अस्थिर होत असेल तर ताबडतोब घाला' अशी सूचना कंपनीने लावली होती. सूचना खरीच होती. नवं फर्मवेअर पुढची झीज थांबवतं. पण झिजून गेलेलं ते भरून आणत नाही. अशा प्रोसेसरला जपणारा एकच आधार होता, खांगने घातलेली बंधनं, आणि औषध देणाऱ्याने नेमकी तीच काढून घेतली होती.

या मदरबोर्डचं फर्मवेअर आपोआप बदलत नव्हतं. पेनड्राइव्ह मागे खोचून, मांडणीत शिरून, कुणीतरी 'हो' म्हटलं होतं.

"मी?" दुआन काका खो-खो हसले. "मला भिंतीवरचं घड्याळ लावता येत नाही, ताई. बायको लावते."

गुरुजींचा शिष्य आशेंग त्यांच्या घराच्या पडवीत बाहुल्यांचे झगे उन्हाविना वाळत घालत होता. तिशीचा, अबोल, बोटं मात्र सतत कशात ना कशात गुंतलेली.

"यंत्राला कधी हात लावला होतास?"

"मी बाहुल्यांचा माणूस आहे, ताई."

"यापुढे गुरुजींचं मुद्रण लावून खेळ करायचे ठरले होते. तू फक्त बाहुल्या नाचवणार होतास. आता मुद्रण नाही म्हटल्यावर तुलाच बोलावं लागेल. नाव होईल तुझं."

आशेंगच्या हातातला झगा चिखलात पडला. "गुरुजींच्या आवाजावर कोण आपलं नाव लावेल? माझा आवाज ऐकून देवळातली कुत्रीसुद्धा उठून जातात."

"शेवटच्या दिवशी दुपारी कुठे होतास?"

"जेवणाच्या सुट्टीत? माझू देवीच्या देवळात गेलो होतो, गुरुजींसाठी अंगारा आणायला. सगळे परतल्यावर आलो."

तेवढ्यात सूयिनचा फोन वाजला. पेइयू होती, आणि पहिल्यांदाच ती रडत होती. "वेंगताई, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवलीय."

५

पेइयूने शेवटच्या दिवसाचं मोबाइलवर चित्रण केलं होतं. थोडं सकाळचं, थोडं दुपारचं. कुणालाच दाखवलं नव्हतं, कारण अगदी शेवटी तिचाच आवाज होता. "झालं एकदाचं. सुटले." सुटले म्हणजे बाबा सुटले असं तिला म्हणायचं होतं. ऐकणाऱ्याला तसं वाटलं नसतं.

"डोळे मिटा आणि सकाळचा तुकडा ऐका," सूयिन म्हणाली.

गुरुजींचा सेनापती गरजत होता. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि श्वासामागे काहीच नव्हतं.

"आता दुपारचा."

पहिल्या क्षणापासून, गुरुजींनी तोंड उघडायच्याही आधी, मागे बारीक घोंगावणं होतं.

"पंखा," पेइयू पुटपुटली.

"खांगने मंद करून ठेवलेला पंखा. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फर्मवेअर बदललं."

सूयिनने तिथूनच खांगला फोन लावला. हो, घरघर त्यानेही ऐकली होती. "मी मधलं दार लावून घेतलं. म्हाताऱ्याचा श्वास संपत आला होता, ताई. यंत्राकडे बघायचं कुणाला सुचणार?"

"सुट्टीत तुम्ही कुठे होतात?"

"खाली, पेजवाल्याकडे. गुरुजी, पेइयू आणि मी, तिघंही एकाच बाकावर."

दुआन काका त्या वेळी दंतवैद्याकडे तोंड उघडून बसले होते. सूयिनने वैद्यांकडूनच खात्री करून घेतली. उरला आशेंग. पण तो देवळात होता, आणि देवळात कोण आला नि कोण गेला याची नोंद कोण ठेवतो? रिकाम्या स्टुडिओत बाहेरचंही कुणी शिरू शकलं असतं.

सूयिनने आवाज बंद केला आणि दोन्ही तुकडे नुसते पाहिले. पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा तिने चित्र थांबवलं ते गुरुजींच्या हातावर.

"तुमचे वडील माइकपुढेही बाहुली घालून बसायचे?"

"बाहुली हातात नसली तर त्यांना बोलताच यायचं नाही."

"पेजवाल्याकडेही ती हातात होती?"

"नाही हो, खुर्चीवरच ठेवली होती."

सूयिनने मोबाइल पेइयूपुढे सरकवला. "मग ही दाढी पाहा."

६

गुरुजी घरी आले होते. गळ्याला पांढरी पट्टी, तिच्या मधोमध श्वासाचं भोक. ते पलंगावर टेकून बसले होते. समोर पेइयू, दुआन काका आणि दाराशी आशेंग. खांगला बोलावलं होतं, पण तो आला नव्हता.

सूयिनने सगळं सांगितलं, पंख्यापर्यंत. मग म्हणाली, "सकाळी सेनापतीच्या दाढीची एक बाजू निसटून लोंबतेय. दुपारी, मुद्रण सुरू व्हायच्या आधीच, ती शिवलेली आहे, बारीक टाक्यांनी. बाहुली खुर्चीवरून हलली नव्हती. म्हणजे सुट्टीत त्या खोलीत कुणीतरी सुईदोरा घेऊन बसलं होतं. असे टाके या घरात एकाच माणसाला येतात."

 काकांनी सुपारी चघळणं थांबवलं.

"फर्मवेअर भरताना यंत्राला हात लावायचा नसतो," सूयिन हळू आवाजात म्हणाली. "पडद्यावरची रेघ सरकताना बघत बसायचं. तुला नुसतं बसता येत नाही, आशेंग."

आशेंग दाराशीच उकिडवा बसला.

"आदल्या दिवशी यंत्र अडकलं," तो म्हणाला. "रुमाल मी धुतला होता. पुन्हा अडकलं असतं तर गुरुजी… मी इंटरनेटवर शोधलं. तिथे सगळे सांगत होते की हा प्रोसेसर असाच अडकतो, नवं फर्मवेअर घाला, बरा होईल. तसंच केलं. दुपारभर अडकलं नाही, तेव्हा मला वाटलं, मी गुरुजींना वाचवलं."

"आदल्या दिवशी ते डिस्क भरली म्हणून अडकलं होतं," सूयिन म्हणाली. "प्रोसेसरचा काही संबंध नव्हता."

हे त्याला ठाऊक नव्हतं. 

"मग संग्रहालयातून फोन आला. पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा कळलं की आधीची मांडणी पुसली जाते. खांगदादा ओरडून सांगत होता, मी वेग उतरवला होता, मी वेग उतरवला होता. कुणी ऐकत नव्हतं. मी ऐकत होतो."

"आणि गप्प बसलास," पेइयू म्हणाली. "त्याची भाकर गेली. माझ्याकडे लोक बघून न बघितल्यासारखं करायला लागले. तू इथे रोज यायचास, बाबांचे पाय चेपायचास!"

"गुरुजी, शिव्या द्या हो मला," आशेंग पलंगाकडे वळून म्हणाला. "मारा तरी."

गुरुजींच्या पट्टीतल्या भोकातून नुसती हवा आली आणि गेली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

७

सूयिनने ते काम तिथेच सोडलं नाही. चौकशीपुरतं तिला बोलावलं होतं, पण चिरडलेल्या गठड्या तिने आपल्याकडे नेल्या आणि दुसऱ्या, धड यंत्रावर उलगडायला घेतल्या. प्रोसेसर जिथे बरळला होता तिथलं सगळं गेलं होतं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं बरंचसं सुटं करता आलं. काही नाटकं जवळजवळ अख्खी निघाली. काहींत अशी भगदाडं पडली होती की राजकन्या रडायला सुरुवात करायची आणि एकदम सेनापती हसायचा. रक्त ओकून दुसऱ्यांदा बोललेला तो विलाप कुठेच मिळाला नाही.

खांगला ती पुन्हा कीलुंगला जाऊन भेटली. दुआन काका माफी मागायला तयार होते, वेष्टनावर नाव छापायलाही. खांगने ऐकून घेतलं.

"आशेंग आला होता," तो म्हणाला. "दारात गुडघ्यावर बसला. गिऱ्हाइकं बघत होती. मी म्हटलं, ऊठ, वाट अडवू नकोस." त्याने हात पुसले. "मी परत नाही येणार, ताई. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं जेवलो त्यांनी एकदा तरी म्हणायला हवं होतं की खांग असं करणार नाही."

वसंतात माझूच्या जत्रेला गुरुजींच्या मंडळीचा खेळ होता. पेइयूने आग्रह केला म्हणून सूयिन गेली, आणि पेइयूने तिला मंचाच्या मागेच उभं केलं. झिमझिम चालूच होती. बाकांवर छत्र्यांखाली थोडी म्हातारी माणसं बसली होती. गुरुजींनी बाहुल्या स्वतः हातात घातल्या होत्या, डॉक्टरांचं न ऐकता. शेजारी आशेंग दुसऱ्या बाहुल्या देत उभा होता. त्याला घरातून कुणी काढलं नव्हतं, पण त्या दिवसापासून गुरुजींनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलंही नव्हतं.

कर्ण्यातून गुरुजींचा आवाज घुमला. सेनापती गरजला, विदूषकाने कोटी केली, छत्र्या हसल्या. मग राजकन्या पुढे आली, रणांगणावर नवऱ्याचं शिरस्त्राण उचललं, आणि कर्णा गप्प झाला.

सूयिनला ते भगदाड पाठ होतं. तिने ते ऐकून ऐकून मोजलं होतं. गुरुजींची बोटं थांबली नाहीत. राजकन्या वाकत होती, शिरस्त्राण छातीशी धरत होती, आवाजाविना. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आशेंगचे ओठ हलत होते. त्याला एकूण एक शब्द येत होता, पण तो तोंडातल्या तोंडातच ठेवत होता.

गुरुजींनी पडद्याआडच त्याच्या नडगीवर एक सणसणीत लाथ घातली.

आशेंग कळवळला. त्याने वर पाहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघत होता, डोळे लाल, आणि गळ्याच्या भोकातून जोरजोरात हवा फेकत होता. पेइयूने पुढे होऊन माइक आशेंगच्या तोंडाशी धरला.

आवाज पातळ निघाला, पहिल्याच ओळीला फाटला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला मोठ्यांदा म्हणाली, "हा ल्याव नव्हे गं." आशेंग बोलत राहिला. राजकन्या रडत राहिली, आणि गुरुजींची बोटं त्या परक्या आवाजाला जुळवून घेत जरा हळू चालायला लागली.